बटणाचे तीन मजले

आप्पांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि मांडीवर तंबाखूचं सूप ठेवलं. मी हबकलेच. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तंबाखूचं पान, फूल, कूळ सगळं फळ्यावर कितीदा काढलंय, पण तंबाखू मांडीवर घेऊन बसायची वेळ कधी आली नव्हती. बेळगावच्या वडगावात आमच्या घरी कुणी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. आईला कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी बेळगावहून निपाणीची गाडी धरली असती.

"कॅमेरा शिकायचाय न्हवं?" आप्पा म्हणाले. "मग आधी विडी वळ."

"आप्पा, मला फोटो काढायचेत."

"त्येच सांगतोय. बोट बघ तुझं. कोंबडीनं दाणं टिपल्यागत बटणावर मारतीयास. आक्का, शिकीव हिला."

आणि आक्कांनीही, जणू रोज एक प्राध्यापकीण त्यांच्याकडे हेच शिकायला येते अशा चेहऱ्यानं, कापलेलं तेंदूचं पान माझ्या हातात दिलं.

आप्पा म्हणजे माझे घरमालक. निपाणीत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली घेतली. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचा फोटो स्टुडिओ, मागे दोन खोल्या, मग अंगण, आणि अंगणापलीकडे त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्कांची खोली. आप्पांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. आक्काही तरुणपणीच एकट्या झालेल्या. त्या भावाच्या दोन वेळच्या भाकरी करायच्या आणि उरलेला दिवस विड्या वळायच्या. आप्पांना फोटोचं काम शिकायला कोल्हापूरला धाडलं ते त्यांनीच, या विड्यांच्या जिवावर.

कॅमेरा माझ्या वडिलांचा. आमचे वडगावला यंत्रमाग आहेत, साड्यांचे. कॅम्पातला एक सुभेदार बदली होऊन निघाला तेव्हा वडिलांनी तो त्याच्याकडून घेतला होता. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला जितपत हळुवारपणा जमतो तितपत त्यांनी तो वापरला आणि मग कपाटात ठेवून दिला. हल्ली आमच्या कॉलेजातल्या मुलींना रोलच्या कॅमेऱ्याचं वेड लागलंय. त्यांचं बघून मीही तो कपाटातून काढला, हौसेनं रोल घातला, आणि पहिला अख्खा रोल वाया घालवला. एकूण एक फोटो हललेला. झाडं हललेली, माणसं हललेली, गावातली पाण्याची टाकीसुद्धा हललेली. वर राहून खाली फोटोवाला असताना दुसऱ्या कुणाकडे जाणार? म्हणून ते फोटो घेऊन मी आप्पांकडे गेले होते. त्यांनी ते हातात घेतले, न बघताच टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बटण दाबून दाखीव." मी दाबलं. त्यांनी नुसता आवाज ऐकला आणि सूप मागवलं. ते फोटो न बघता ठेवल्याचा मला राग आला होता, एवढं आठवतंय.

दोष मोबाईलचा होता, हे आप्पांचं निदान. मोबाईलच्या काचेवर बोट टेकलं की झालं. जुन्या कॅमेऱ्याचं बटण तसं नसतं, त्याला खोली असते. आप्पा म्हणायचे, "बटणाला तीन मजलं असत्यात. पयला मोकळा, तितं कुणीबी जातंय. दुसऱ्याला दार लागतंय. त्या दाराशी थांबायचं. श्वास निम्मा सोडायचा. तिसऱ्यावर आपुन जायाचं न्हाय, त्यानं आपल्याकडं यायचं."

हे ऐकायला फार छान. पण माझं बोट दाराशी थांबायचंच नाही, धडकायचं. आणि विडीचं तोंड बंद करताना नेमकं तेच करावं लागतं. पान गुंडाळून झालं की त्याची कड नखानं आत दुमडायची. जोर जास्त झाला तर पान फाटतं, कमी झाला तर उलगडतं. आक्का ते बोलत बोलत, भावाला शिव्या देत देत, दारावरच्या भाजीवालीशी भांडत करायच्या. मला पंधरा दिवस लागले. माझ्या हातून फाटलेली पानं बघून आक्का म्हणायच्या, "लेकी, तुझ्या कालेजात ह्येच पान शिकवतीस व्हय? बिचारी पोरं."

पान फाटायचं थांबलं तेव्हा आप्पांनी कॅमेरा परत दिला. दिला म्हणजे काय, माझ्या डोळ्याला लावला आणि वर, बटणाच्या शेजारी, एक विडी आडवी ठेवली. आता बटण दाब, विडी गडगडली तर आज जेवण न्हाय. मला वाटलं चेष्टा. तर नव्हती. विडी गडगडली आणि त्या दिवशी आक्कांनी माझ्यासाठी केलेली झुणका-भाकर आप्पांनी खरोखर स्वतः खाऊन टाकली. चाळिशीला आलेली बाई मी, महिन्याचं भाडं देणारी भाडेकरू, आणि हा माणूस माझ्यासमोर माझं जेवण संपवून वर ढेकर देतो! मी वर जाऊन बिस्किटं खाल्ली आणि त्या खोलीतून निघून जायचा निश्चय केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेरा घेऊन खाली उतरले.

त्यांच्या अशा वागण्याचे धक्के सगळ्या गावानं खाल्ले होते. मी यायच्या बऱ्याच आधीची एक गोष्ट आक्का फार रंगवून सांगायच्या. एक पुढारी पोस्टरसाठी फोटो काढायला आला. दारात दोन गाड्या, आत सात-आठ माणसं. पुढारी खुर्चीत बसला आणि हसला. आप्पा म्हणाले, "ह्ये हसू घरी ठिवून या." पुढारी आणखी हसला. आप्पांनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं आणि शांतपणे मागे चहा प्यायला निघून गेले. अर्धा तास पुढारी तसाच बसून. आधी चिडला, मग कंटाळला, मग कान खाजवत खिडकीबाहेर बघत बसला. तेवढ्यात आप्पा आले, कापड काढलं आणि बटण दाबलं. फोटो बघून पुढारी म्हणाला, हा मी नव्हे. आप्पा म्हणाले, "मग आमच्या खुर्चीत कोण बसलंतं?" तो फोटो पोस्टरवर कधीच लागला नाही, पण पुढाऱ्याच्या आईनं माणूस पाठवून तो मागून नेला म्हणे.

मोजायचे ते कानडीत. माणूस मराठी असो, कानडी असो, आप्पांचं "ओंदु, एरडु" ठरलेलं. आणि मूरु, म्हणजे तीन, कधी यायचंच नाही. एरडुवरच बटण. तीनला माणूस फोटोचं तोंड करतो, त्याच्या आधीच त्याला गाठायचं, हा त्यांचा कावा. सगळं गाव हा कावा जाणून होतं आणि तरी प्रत्येक जण त्यात सापडायचा. मी तर तीनदा सापडले.

आणखीही खोडी होत्या. स्टुडिओत पाऊल टाकलं की आधी बोलायचं, मगच ते मान वर करणार. गुपचूप येणाऱ्याला ते उत्तरच द्यायचे नाहीत. पासपोर्ट फोटोचं स्टूल त्यांनी चार मोठे खिळे मारून जमिनीला ठोकून टाकलं होतं. त्या फोटोंसाठी एक नवा डिजिटल कॅमेरा होता, तोही स्टँडला पक्का बांधलेला. बटण दाबलं की आतलं कार्ड ते समोरच्या लॅबवाल्याकडे पाठवून द्यायचे. बाकी फोटो रोलवर, आणि अंतर मोजायला कॅमेऱ्याला बांधलेली एक सुतळी, तिला वितीवितीवर गाठी. चष्मा तर असा की त्याच्या काचांवर बोटानं नाव लिहावं. एकदा मला राहवलं नाही. चष्मा टेबलावर पडला होता तो मी साबणानं धुऊन, पुसून चकचकीत करून ठेवला. आप्पांनी तो डोळ्यांवर चढवला आणि काही म्हणजे काही बोलले नाहीत. मी चिडून म्हटलं, "काही फरक पडला की नाही?" तर म्हणाले, "पडला की. हलका झालाय." मी याला तऱ्हेवाईकपणा समजत होते. आम्ही सगळेच समजत होतो.

आक्कांचा एकच हट्ट होता. फोटो. आपल्याकडे पिकलं पान झालं की माणूस आपणहून एक फोटो काढून ठेवतो, आपल्यामागं भिंतीवर लावायला. आक्कांनाही तो हवा होता आणि तो आप्पांच्याच हातचा हवा होता. साऱ्या निपाणीचे फोटो काढणाऱ्या भावानं बहिणीचा धड असा फोटो काढलाच नव्हता. होता तो एकच, विडी कामगाराच्या कार्डावरचा. आप्पांनी शिकून आल्या आल्या, कामाच्या पहिल्या धांदलीत काढलेला, आणि त्यात आक्कांचे डोळे मिटलेले. तेच कार्ड त्यांनी आयुष्यभर वापरलं. "कार्डावर मी मेल्यागत दिसतीया," त्या म्हणायच्या. "मेल्यावर तरी जित्ती दिसू दे की रं." आप्पा म्हणायचे, "तुला मरायची कसली घाई झालीया?" आणि विषय उडवून लावायचे. अशी दोन वर्षं त्यांनी आज-उद्या केलं. मला ते पटायचं नाही. एवढीशी गोष्ट, तीही जिनं जन्मभर राबून वाढवलं तिच्यासाठी. शेवटी मीच एके दिवशी आप्पांना बोलले, आणि जरा जास्तच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ऐतवारी काढू."

त्या रविवारी आक्कांनी मी वडगावहून आणलेली, आमच्याच मागावरची, गडद हिरवी साडी नेसली. अंगणात खुर्ची मांडली. हात रिकामे ठेवून बसायला त्यांना जमेना, म्हणून शेजारच्या स्टुलावर तंबाखूचं सूप ठेवून घेतलं. "हात लावत न्हाय, पर जवळ असूं दे," म्हणाल्या. आप्पांनी आपला जुना कॅमेरा स्टँडवर लावला. सुतळी ओढून आक्कांच्या हातात दिली, गाठ नाकाला लावायला सांगितली, अंतर जुळवलं, सुतळी गुंडाळली. मग हुकूम सोडला, "आता तोंड उघडायचं न्हाय. मी सांगीस्तवर येक अक्षर न्हाय. पोरी, तू बी गप ऱ्हा."

आप्पा फोटोआधी फार वेळ थांबत. तसे थांबले. आणि तेवढ्यात फाटकातून शेजारच्यांची शेळी आत आली आणि थेट नळापाशी, जिथे आक्कांनी तेंदूची पानं भिजत घातली होती तिकडे चालू लागली. आक्कांनी शेळीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. बोलायची बंदी होती. त्या तशाच अनवाणी, आवाज न करता उठल्या आणि दोन्ही हात हलवत शेळीकडे गेल्या. मला हसू आलं. आता आप्पा कसे खवळतात ते बघायला मी त्यांच्याकडे वळले.

आप्पा कॅमेऱ्यावर वाकलेले होते. चेहरा शांत. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ते फार मायेनं म्हणाले, "अशीच ऱ्हा, आक्का. लई ब्येस बसलीयास."

मी खुर्चीकडे पाहिलं, मग पुन्हा आप्पांकडे.

"ओंदु," आप्पा म्हणाले. "एरडु." आणि बटण दाबलं.

शेळीचा कान आक्कांच्या मुठीत होता. त्यांनी भावाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीशेजारच्या सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आप्पांना जन्मभर बहिणीचा एकच वास माहीत, सुपातल्या तंबाखूचा. तो जागचा हलला नव्हता, म्हणजे बहीणही जागेवर होती. पंचाहत्तरी उलटलेल्या त्या बाईनं शेळी सोडली, साडी घोट्यावर धरली आणि चवड्यांवर पळत येऊन खुर्चीत बसली.

"झालं काय रं?" त्यांनी विचारलं.

"झालं," आप्पा म्हणाले. "येकच बास."

दुपारी आक्कांच्या खोलीत आम्ही दोघी बसलो. त्या रडल्या नाहीत. त्यांची बोटं विड्या वळत होती, नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं. "कवापासनं?" त्यांनी विचारलं. मला तरी काय माहीत? मग एकेक गोष्ट आमच्या समोर येऊन बसायला लागली. ठोकलेलं स्टूल. आधी बोलून आत या म्हणायची खोड. चष्मा. माझे हललेले फोटो, ज्यांच्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. आक्का म्हणाल्या, "रोज ताटावर बसला की इचारतोय, आज काय केलंयस? आन् मी सांगती, हितं भाजी, हितं ठेचा. मला वाटायचं, भुकेनं इचारतोय." एवढं बोलून त्यांचा हात थांबला. मी त्यांना विड्या वळताना थांबलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मला स्वतःची शरम वाटत होती. ज्या माणसाला दिसत नाही त्याला मी फोटो काढत नाही म्हणून फाडफाड बोलले होते. मी म्हटलं, आप्पांना सांगू या, डॉक्टरांकडे नेऊ या. आक्कांनी मान हलवली. "आपल्याला कळलंय ह्ये त्येला कळलं, तर त्यो परत कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाय. मग जगंल कशावर? पोटाचं म्हनत न्हाय मी." मग म्हणाल्या, "तू काढ माझा फोटो. त्येनं काढलाय त्याच्या जागी लावू. त्येला काय दिसतंय?"

मला हा दुसरा धक्का. इतक्या सरळ बाईच्या डोक्यात इतका पक्का बेत एवढ्या लवकर शिजावा! आणि मला जमेल का? त्या दिवसापर्यंत माणसासमोर दाबलेलं माझं एकही बटण आप्पांनी, आवाज ऐकून, पास केलेलं नव्हतं. माझं बोट झाडांवर जरा बरं चालायचं, माणूस समोर आलं की धडकायचं. माझ्या रोलमध्ये शेवटचे दोनच फोटो उरले होते आणि तो फोटो एका माणसाच्या मागे कायमचा राहायचा होता. रात्री अंथरुणात पडून मी रिकाम्या हवेत बोट दाबत होते.

सोमवारी सकाळी आप्पा आंघोळीला गेले. न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यातच, तांब्याचे आवाज ऐकू येत होते. आक्का तीच साडी नेसून त्याच खुर्चीत बसल्या. मी वडिलांचा कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला मजला गेला. दुसऱ्यावर बोट थांबलं. खरंच थांबलं, आणि मला ते थांबलेलं कळलं. समोर आक्का होत्या, उजेड त्यांच्या गालावर होता, आणि मी श्वास निम्मा सोडला. बटण कधी गेलं ते माझं मलाच कळलं नाही. दुसरा फोटो काढायची गरज वाटली नाही.

दोन्ही रोल एकाच पाकिटात पुण्याला धुवायला गेले. आप्पांनी स्वतः रोल धुणं कधीच बंद केलं होतं, औषधं मिळत नाहीत म्हणून, असं ते सांगायचे. फोटो आले ते मी आधी आक्कांकडे नेले. आप्पांच्या फोटोत खुर्ची होती, सूप होतं, मागची भिंत स्वच्छ होती. सगळं जिथल्या तिथं, काटेकोर. फोकस अगदी खुर्चीच्या पाठीपुढे, जिथे आक्कांचं नाक असायला हवं होतं तिथे. आक्कांनी तो बराच वेळ पाहिला. "मी नसताना बरं दिसतंय की अंगण," म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत तो चुलीत घातला. मग माझा फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. पदरानं त्याची कड पुसली आणि मला परत दिला.

मी तो मोठा करून, काचेत बसवून आप्पांच्या हातात दिला. "तुमचा फोटो आला आप्पा. फार छान आलाय." माझा आवाज मलाच खोटा वाटला. आप्पांनी चौकटीच्या चारी बाजूंनी बोटं फिरवली. "काच नीट बसलीया," एवढंच म्हणाले. मग स्वतःच स्टुलावर चढून त्यांनी तो मधल्या खोलीत लावला. आक्का जाता-येता माझ्याकडे बघून डोळा मिचकावायच्या. आम्ही सुटलो होतो.

आठ महिन्यांनी आक्का गेल्या. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेईपर्यंत वेळ झाला होता. आप्पा रडले नाहीत, जेवलेही नाहीत. बाराव्याला घर भरलं. विडी कारखान्यातल्या बायका आल्या, खानापूरकडचे नातेवाईक आले, गल्ली आली. फोटोला मोगऱ्याचा हार घातलेला. जो येईल तो फोटोसमोर थबकायचा. अगदी आक्काच बसल्यात बघा, कुणीतरी म्हणालं. लांबचे एक मामा हात जोडून आप्पांना म्हणाले, "काय फोटो काढलायसा आप्पा! जन्माचं काम केलंसा."

"म्या न्हाय काढला," आप्पा म्हणाले.

मी दारात उभी होते. हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं मी खाली ठेवलं.

"ह्या पोरीनं काढलाय. मला दोन वर्सांच्या वर झालं, दिसत न्हाय. काचबिंदू. बेळगावला दाखवून आलोय, डोळ्याची शीर वाळलीया म्हणाले, उपाय न्हाय."

बायकांपैकी एकीनं तोंडावर पदर घेतला. गल्लीतल्या एकानं हळूच पाकीट उघडून, महिन्यापूर्वी आप्पांनी काढलेला आपला पासपोर्ट फोटो बाहेर काढला आणि त्याकडे नुसताच बघत राहिला. मी पुढे जाऊन आप्पांच्या पायाशी बसले. मला एकच विचारायचं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच येळंला. खुर्चीत बसलेलं माणूस धापा टाकतंय व्हय?" आप्पा म्हणाले. "आन् दुसऱ्या दिशी मी न्हाणीत हुतो, बहिरा न्हवतो. तुझ्या बाच्या कॅमेऱ्याचं बटण वळखतो मी. येकदाच वाजलं. बरं वाजलं."

"मग बोलला का नाहीत?" मी रडत होते आणि मला रागही आला होता. आठ महिने आम्ही दोघी त्यांना सांभाळून घेत होतो, आणि आठ महिने ते आम्हाला.

"आक्कानं जन्मात येकदाच मला फशीवलं," आप्पा म्हणाले. "म्हटलं, फसावं."

मग त्यांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं.

"आता सांग. कशी दिसतीया?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते आठ महिने या फोटोखालून ये-जा करत होते आणि त्यांनी कुणालाही, एकदाही, हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आक्कांचा बेत मोडला असता. मी फोटोकडे पाहिलं. मी म्हटलं, "हिरवी साडी आहे..."

"साडी ऱ्हाऊ दे. तोंड सांग."

मी सांगायला लागले. डोळे उघडे आहेत, चांगले टक्क उघडे. डाव्या गालावर ऊन आहे. कपाळावर एक बट आलीय, ती मागे सारायची राहिलीय. हसत नाहीयेत, पण ओठ जरा विलग आहेत, काहीतरी बोलतायत.

"काय बोलतीया?" आप्पांनी विचारलं.

हे मला बघून सांगायची गरज नव्हती. बटण दाबलं तेव्हा मी ते ऐकलंच होतं. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "त्या म्हणतायत, आटप गं लौकर, आमचं येडं आंघोळ करून बाहीर यायच्या आत."

आप्पा हसायला लागले, माझं मनगट धरून, अंग हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाराव्याला आलेली माणसं आमच्याकडे बघत राहिली.